सायकलसुरक्षेची कार्यकर्ती विधानसभेत गेली की काय बदलते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या नाशिकच्या एका सायकल गटातल्या आहेत. गटातल्या एका ताईंनी रस्ता अपघातात घरचे माणूस गमावले. तेव्हापासून त्या सायकलस्वारांच्या सुरक्षेसाठी पोलीस, महापालिका, आरटीओ असे सगळीकडे खेटे घालताहेत. आता दोन पक्षांची माणसे त्यांना "विधानसभेला उभ्या राहा" म्हणून गळ घालताहेत. सायकलसुरक्षेच्या कार्यकर्तीपासून आमदार झालेल्या, कॅनडातल्या एलेनॉर मॅकमहन यांचे उदाहरणही कोणीतरी त्यांच्यापुढे ठेवले आहे. तर तिकडे नेमके काय घडले, राजकारणात गेल्याने खरेच फरक पडला का, आणि ताईंनी त्यातून काय घ्यावे?

मी बरीच वर्षे ओंटारियो प्रांतात नगरपालिकांसाठी रस्ते-सुरक्षेचे नियोजन करते. मॅकमहन यांच्याशी माझी ओळख नाही, पण त्यांच्या कामातून झालेले कायदे मी रोज वापरते, त्यामुळे त्या कायद्यांची ताकद आणि उणिवा दोन्ही मला जवळून दिसतात. आधी उत्तर सांगते, मग कारणे. होय, फरक पडला. पण त्यांच्या नावावर जमा असलेले मोठे काम त्या आमदार होण्याच्या आधीचे आहे. आमदारकीने त्या कामाला शेवटचा धक्का दिला आणि काही वर्षे त्याला सरकारात वाली मिळाला. हा क्रम ताईंनी नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

जून २००६ मध्ये मॅकमहन यांचे पती ग्रेग स्टॉबार्ट मिल्टनजवळ सायकलवर सरावाला निघाले होते. ते ओंटारियो प्रांतिक पोलिसांत सार्जंट होते, त्या दिवशी ड्यूटीवर नव्हते. मागून आलेल्या गाडीने त्यांना धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. त्या चालकाचे लायसन्स यापूर्वी अनेकदा निलंबित झाले होते आणि निलंबन चालू असताना गाडी चालवल्याबद्दल त्याला शिक्षाही झाल्या होत्या. तरी तो चाकामागे बसतच होता. ज्या यंत्रणेत ग्रेग स्वतः काम करत होते, तिला हा माणूस माहीत होता आणि तरी थांबवता आला नव्हता.

अशा वेळी घरच्यांची पहिली मागणी बहुतेक वेळा "त्याला कडक शिक्षा करा" अशी असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण कॅनडात गुन्हेगारी कायदा केंद्राकडे आहे. वाहतुकीचा कायदा, म्हणजे हायवे ट्रॅफिक अॅक्ट, प्रांताकडे आहे. फौजदारी शिक्षा वाढवायची तर देशाच्या राजधानीला, ओटावाला जावे लागते, तिथे वर्षानुवर्षे जातात. मॅकमहन यांनी टोरंटोतल्या प्रांतिक विधानसभेचे दार ठोठावले आणि मागणी अगदी अरुंद ठेवली. निलंबित लायसन्सवर कोणी गाडी चालवताना सापडला, तर त्याची गाडीच तिथल्या तिथे ताब्यात घ्या.

ही मागणी कुठे बसत होती ते पाहण्यासारखे आहे. दारू पिऊन गाडी चालवण्यासारख्या फौजदारी गुन्ह्यात लायसन्स गेलेला माणूस गाडी चालवताना सापडला, तर ओंटारियोत १९९९ पासूनच गाडी जप्त होत असे, तीही पहिल्या वेळी ४५ दिवसांसाठी. पण लायसन्स वाहतूक कायद्याखाली निलंबित झालेले असेल, म्हणजे वारंवार बेदरकार चालवल्यामुळे किंवा डिमेरिट पॉइंट (वाहतुकीच्या गुन्ह्यांबद्दल लायसन्सवर जमा होणारे गुण) साचल्यामुळे, तर गाडी जप्त करण्याची तरतूद नव्हती. पोलीस त्याला नोटीस द्यायचा, दंड व्हायचा आणि गाडी त्याच्याच दारात उभी असायची. ग्रेग यांचा जीव याच फटीतून गेला.

ओकव्हिलचे आमदार केविन फ्लिन यांनी त्यांना साथ दिली आणि ही तरतूद सरकारच्याच रस्ते-सुरक्षा विधेयकात, बिल १२६ मध्ये, घातली गेली. त्याच विधेयकात तरुण चालकांच्या गाडीत किती प्रवासी असावेत यावर मर्यादा होती. त्यावर तरुणांनी फेसबुकवरून एवढा गदारोळ केला की सरकारला ते कलम मागे घ्यावे लागले. सरकारी विधेयकात आपले कलम गेले की त्याला बळ मिळते, पण शेजारच्या कलमामुळे सगळे विधेयक अडचणीत येऊ शकते. या वेळी निभावले. २००९ मध्ये विधेयक मंजूर झाले आणि १ डिसेंबर २०१० पासून अशा चालकाची गाडी रस्त्यावरूनच सात दिवसांसाठी उचलली जाऊ लागली. टोइंगचा आणि यार्डाचा खर्च मालकाच्या माथी. गाडी दुसऱ्याच्या नावावर असली तरी सुटका नाही. याला लोक "ग्रेग्ज लॉ" म्हणतात.

हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाडी मालकाची गेली की मालक पुढच्या वेळी किल्ली देताना विचार करतो. दंडाची रक्कम वाढवून हे साधत नाही, कारण दंडाला न जुमानता गाडी चालवत राहणाऱ्यांसाठीच तर हा कायदा आहे. न्यायालयाची तारीख लागण्याची वाट पाहावी लागत नाही, पोलिसाला रस्त्यावर उभ्या-उभ्या अधिकार वापरता येतो. घरातला माणूस गेल्यावर मन संतापाने भरलेले असते. त्या काळात इतकी नेमकी मागणी बांधणे, ती कोणाच्या अखत्यारीत येते हे शोधणे आणि तिच्यामागे तीन-चार वर्षे लागून राहणे सोपे नाही. त्यांच्या आमदारकीपेक्षा मला याचे जास्त कौतुक आहे.

या सगळ्याच्या मध्येच, २००८ मध्ये, त्यांनी "शेअर द रोड सायकलिंग कोअलिशन" ही प्रांतभराची संस्था उभी केली. तोवर ओंटारियोत सायकलवाल्यांचे गट पुष्कळ होते, पण प्रत्येक शहराचा आपापला. महापालिकेच्या एखाद्या रस्त्यावरून ते भांडत, प्रांताच्या राजधानीत त्यांचे म्हणणे एका आवाजात मांडणारे कोणी नव्हते. या संस्थेने सायकलवाल्यांच्या बाहेरची माणसे टेबलावर आणली: नगरपालिकांचे अधिकारी, पोलीस, सार्वजनिक आरोग्य खात्यातले लोक आणि चक्क मोटारमालकांची संघटना सीएए. दरवर्षीची सायकल परिषद आणि नगरपालिकांना सायकलस्नेही दर्जा देण्याची योजना सुरू झाली. दर्जाची पाटी मिळावी म्हणून महापौर स्वतः फोन करू लागले, हे मी ज्या छोट्या गावांमध्ये काम केले तिथे अनुभवले आहे. भांडणाऱ्या गटाला महापौर टाळतो. पाटी देणाऱ्या संस्थेला तो चहाला बोलावतो आणि मग मागण्याही ऐकून घेतो.

सीएएला बरोबर घेणे काही सायकलवाल्यांना तेव्हा रुचले नव्हते. मोटारवाल्यांशी हातमिळवणी कशाला, असा सूर होता. माझे मत स्पष्ट आहे: ते अत्यंत योग्य होते. विधानसभेतल्या बहुतेक आमदारांचे मतदार मोटारीने फिरतात. "सायकलस्वाराला ओलांडताना अंतर ठेवा" असे मोटारमालकांचीच संघटना म्हणू लागली की आमदाराची भीती निम्मी होते.

यानंतरचा टप्पा आकड्यांचा. ओंटारियोत संशयास्पद आणि अपघाती मृत्यूंची चौकशी कॉरोनर नावाचा सरकारी अधिकारी करतो. सायकल संघटनांनी मागे लागून कॉरोनरच्या कार्यालयाकडून २००६ ते २०१० या पाच वर्षांतल्या सायकलस्वारांच्या मृत्यूंचा एकत्रित आढावा करून घेतला. २०१२ मध्ये अहवाल आला. पाच वर्षांत १२९ मृत्यू, आणि त्यातला प्रत्येक टाळता आला असता, असे त्यात सरळ लिहिले होते. शिफारशींमध्ये सगळ्या प्रकारच्या वापरकर्त्यांना धरून रस्ते आखणे, प्रांताचे सायकल धोरण, ओलांडताना एक मीटर अंतराचा नियम आणि ट्रकच्या चाकांच्या मधली मोकळी जागा झाकणारे बाजूचे गार्ड या गोष्टी होत्या. हेल्मेटसक्तीचीही शिफारस होती, आणि तिच्यावरून सायकलवाल्यांमध्येच मतभेद झाले.

ट्रकच्या गार्डची शिफारस आजही तशीच पडून आहे म्हटले तरी चालेल, कारण वाहनबांधणीचे निकष केंद्राकडे आहेत. ऑलिव्हिया चौ खासदार असताना त्यासाठी झगडल्या, आता त्या टोरंटोच्या महापौर आहेत, पण केंद्राने ते निकष बदलले नाहीत. कोणती गोष्ट कोणत्या सरकारच्या हातात आहे, यावर तिचे भवितव्य किती अवलंबून असते ते इथे दिसते. प्रांताच्या हातातल्या शिफारशी मात्र पुढे सरकल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये प्रांताने वीस वर्षांचे सायकल धोरण जाहीर केले. मार्च २०१४ मध्ये परिवहनमंत्री ग्लेन मरे यांनी एक मीटरचा नियम असलेले बिल १७३ मांडले. आणि मे महिन्यात विधानसभाच विसर्जित झाली. अल्पमतातल्या सरकारच्या अर्थसंकल्पाला पाठिंबा देण्यास एनडीपी या डाव्या विचारांच्या विरोधी पक्षाने नकार दिला, निवडणूक जाहीर झाली आणि विधेयक बासनात गेले.

मॅकमहन याच निवडणुकीत उभ्या राहिल्या. टोरंटो आणि हॅमिल्टन यांच्यामध्ये, सरोवराकाठी वसलेले बर्लिंग्टन हा त्यांचा मतदारसंघ. तो कित्येक दशके कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा बालेकिल्ला होता. लिबरल पक्षाकडून लढून त्यांनी तो १२ जून २०१४ रोजी जिंकला आणि कॅथलीन विन यांचे लिबरल सरकार बहुमताने परत आले. सायकलवर निवडणूक जिंकली असे मी म्हणणार नाही. बर्लिंग्टनमध्ये रुग्णालय, रेल्वे, घरांचे भाव हेच मुद्दे चालतात, सायकल हा मुद्दा बहुतेक मतदारांच्या यादीत नव्हता. पण आठ वर्षांच्या कामामुळे लोकांना त्यांचे नाव, त्यांचा शब्द आणि चिकाटी ठाऊक होती, हे नक्की.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवे परिवहनमंत्री स्टीव्हन डेल ड्यूका यांनी जुने विधेयक नव्या अवतारात, बिल ३१ म्हणून, आणले. जून २०१५ मध्ये ते मंजूर झाले आणि सायकलची कलमे १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झाली. सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने शक्य तिथे किमान एक मीटर अंतर ठेवायचे, नाहीतर ११० डॉलर दंड आणि दोन डिमेरिट पॉइंट. उभ्या गाडीचा दरवाजा मागे न पाहता उघडला आणि सायकलस्वार त्यावर आदळला, तर दंड ३०० ते १,००० डॉलर आणि तीन पॉइंट. आधी हा दंड ६० ते ५०० डॉलर होता. सायकलला दिवे नसतील तर सायकलस्वाराचाही दंड वाढला. सायकलस्वारांना महामार्गाच्या डांबरी साइडपट्टीवरून जाण्याची कायदेशीर मोकळीक मिळाली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा कायदा एकट्या मॅकमहन यांचा नाही. एनडीपीच्या चेरी डिनोव्हो यांनी ओलांडण्याच्या अंतरासाठी कित्येक वर्षे आधी अशासकीय विधेयक आणले होते. साइडपट्ट्या डांबरी कराव्यात म्हणून कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नॉर्म मिलर, जे दूरच्या ग्रामीण भागातले आमदार, सतत मागे लागले होते. तीन पक्षांतले तीन आमदार एकाच विषयावर, आणि तिघांच्याही पाठीशी बाहेर एक संघटना. बिल ३१ च्या मतदानात फारसा विरोध उरला नव्हता याचे कारण हे आहे. मॅकमहन सत्ताधारी पक्षाच्या बैठकीत बसत होत्या, त्यामुळे विधेयक पुन्हा मागे पडले नाही. मागच्या बाकावरच्या आमदाराची खरी ताकद इतकीच असते, पण ती लहान नसते. नवे सरकार आले की पहिल्या सहा महिन्यांत कोणती दहा विधेयके मांडायची हे ठरते. तुमचे त्यात नसेल, तर पुढची दोन वर्षे गेलीच म्हणून समजा.

आता एक मीटर म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सांगते. ओंटारियोच्या ग्रामीण दुपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते आणि गाड्या त्याहून जोरात जातात. ट्रक हातभर अंतरावरून गेला तर आधी हवेचा दाब तुम्हाला बाहेर ढकलतो आणि ट्रक पुढे सरकताच तीच हवा आत ओढते. हँडल सावरता सावरता पाय लटपटतात. साइडपट्टी खडीची असेल तर बाहेर पडायलाही जागा नसते. या रस्त्यावर एक मीटर ठेवायचा तर चालकाला मधली रेषा थोडी ओलांडावी लागते. म्हणून प्रांताच्या परिवहन खात्याने नियम समजावताना, सुरक्षित असेल तर तशी मुभा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. ही एक ओळ नसती तर चालक म्हणाला असता, "अंतर ठेवू की पिवळी रेषा पाळू?" नियम समजावून सांगणाऱ्याने रस्त्यावर उभे राहून विचार केलेला आहे, हे अशा ओळींतून कळते.

अंमलबजावणी मात्र कमजोर राहिली. अंतर मोजायचे कसे, हाच पहिला प्रश्न. ओटावा पोलिसांनी २०१६ मध्ये सायकलवर बसवायचे सोनार यंत्र वापरून पाहिले. जवळून जाणाऱ्या गाडीचे अंतर हँडलवरच्या पडद्यावर सेंटीमीटरमध्ये दिसे. पण प्रत्येक सायकलवर पोलीस बसवता येत नाही, आणि "शक्य तिथे" या शब्दांमुळे न्यायालयात वाद घालायला जागा राहते. मग नियमाचा उपयोग काय? माझा अनुभव असा की तो चालक-परीक्षेच्या पुस्तकात गेला, रस्त्याकडेच्या फलकांवर गेला आणि आम्हा नियोजकांच्या गणितात गेला. रस्त्याची रुंदी ठरवताना "इथे गाडीला एक मीटर ठेवून ओलांडता येईल का?" हा प्रश्न मी आता कायद्याचा आधार घेऊन विचारू शकते. पूर्वी तो माझा आग्रह समजला जायचा.

मॅकमहन जून २०१६ मध्ये पर्यटन, संस्कृती आणि क्रीडा खात्याच्या मंत्री झाल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये कोषागार मंडळाच्या अध्यक्ष, म्हणजे सगळ्या खात्यांच्या खर्चावर नजर ठेवणाऱ्या. परिवहन खाते त्यांना कधीच मिळाले नाही. कार्यकर्त्यांना यात अन्याय वाटतो, मला वाटत नाही. मंत्रिमंडळात विषयाचा जाणकार असणे पुरते, तो विषय त्याच्याच खात्यात असला पाहिजे असे नाही. त्या मंत्री असतानाच प्रांताने २०१७ मध्ये नगरपालिकांच्या सायकलमार्गांसाठी ९.३ कोटी डॉलर दिले आणि वर्षअखेरीस आणखी एक मोठी फट बुजवली. बेदरकार चालवण्यामुळे कोणी जखमी किंवा मृत झाले तर त्याचा वेगळा प्रांतिक गुन्हा ठरला: २,००० ते ५०,००० डॉलर दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, पाच वर्षांपर्यंत लायसन्स निलंबन. १ सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्याआधी माणूस मेला तरी बेदरकार चालवण्याच्या दंडाची कमाल मर्यादा २,००० डॉलर होती. मृतांच्या घरच्यांनी न्यायालयात तो आकडा ऐकताना त्यांचे चेहरे कसे होत, ते मी पाहिले आहे. ही तरतूद सायकल संघटनांबरोबरच पादचाऱ्यांच्या आणि अपघातग्रस्तांच्या कुटुंबांच्या लढ्याची आहे.

मग जून २०१८ ची निवडणूक आली. लिबरल पक्षाचा धुव्वा उडाला, सात जागा उरल्या. मॅकमहनही बर्लिंग्टनमध्ये, ज्या जेन मॅकेना यांना त्यांनी चार वर्षांपूर्वी हरवले होते, त्यांच्याकडूनच हरल्या. नव्या डग फोर्ड सरकारने कार्बन बाजाराची योजना गुंडाळली, आणि सायकलमार्गांचा पैसा त्याच योजनेतून येत असल्याने तोही थांबला. मंजूर यादीतली कामे नगरपालिकांनी आपल्या खिशातून केली किंवा सोडून दिली. माझ्या टेबलावरच्या दोन आराखड्यांचे तेव्हा काय झाले, ते आठवले की अजून वाईट वाटते.

पण ग्रेग्ज लॉ राहिला. एक मीटरचा नियम राहिला. दरवाजाचा दंड राहिला. नव्या गुन्ह्याचे कलमही, निवडणुकीनंतर आलेल्या नव्या सरकारच्या कारकिर्दीत, ठरल्या तारखेला लागू झाले. पैसा सरकारबरोबर गेला, कलमे टिकली. माझ्या या उत्तरातले ताईंसाठीचे मुख्य म्हणणे हेच आहे: सत्तेत असताना जे मिळवाल त्यातले जास्तीत जास्त कायद्याच्या आणि नियमांच्या मजकुरात उतरवा, कारण अर्थसंकल्पातली ओळ पुढच्या मार्चपर्यंतचीच असते.

कलमेही अमर नसतात, हेही लगेच सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओंटारियोने बिल २१२ मंजूर केले. मोटारीची मार्गिका कमी करून सायकलमार्ग करायचा असेल तर नगरपालिकेने आधी प्रांताची परवानगी घ्यायची, आणि टोरंटोतल्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यू या रस्त्यांवरचे सायकलमार्ग काढण्याचा अधिकार प्रांताला. शहराने स्वतःच्या पैशाने बांधलेले मार्ग. सायकल टोरंटो ही संघटना न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी निकाल दिला की हे मार्ग काढल्याने लोकांच्या जीविताला आणि सुरक्षिततेला धोका होतो, मार्ग काढल्याने वाहतूक सुरळीत होईल याला पुरावा नाही, आणि म्हणून ही तरतूद कॅनडाच्या हक्कपत्राच्या कलम ७ विरुद्ध आहे. सरकार अपिलात गेले. न्यायालयापुढे सादर झालेल्या पुराव्यात तज्ज्ञांचे अहवाल आणि सरकारचे स्वतःचे अंतर्गत सल्ले होते. हा कागद जमवणारी संघटना विधानसभेबाहेर जिवंत नसती, तर विधानसभेतल्या एखाद्या चांगल्या आमदाराने एकट्याने काहीच केले नसते.

म्हणून ताईंना माझा पहिला प्रश्न "उभ्या राहायचे की नाही" हा नाही. त्या विधानसभेत गेल्या तर गट कोण चालवणार, हा आहे. मॅकमहन निवडून गेल्यावर त्यांची संस्था दुसऱ्यांच्या हाती व्यवस्थित चालत राहिली, परिषद भरत राहिली. मंत्री झालेल्या माणसाला सरकारविरुद्ध बोलता येत नाही, संस्थेला येते. आपल्याकडे हे बंधन आणखी घट्ट आहे. पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप निघाला की आमदाराला पक्षाविरुद्ध मत देता येत नाही, दिले तर आमदारकी धोक्यात येते. कॅनडात शिस्त कडक असली तरी मत दिल्याने सदस्यत्व जात नाही. तेव्हा बाहेरचा गट मजबूत असणे ताईंसाठी दुप्पट गरजेचे आहे. सगळा गट प्रचाराला जुंपला आणि नंतर आमदारांचे कार्यालय सांभाळू लागला, तर पाच वर्षांनी हाती काही उरणार नाही.

दुसरे, काय मागायचे. मोटार वाहन कायदा १९८८ केंद्राचा आहे, त्यातले दंडाचे आकडे आमदार बदलू शकत नाही. पण राज्याच्या हातात पुष्कळ आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टात यंत्रावर न चालणारी वाहने राज्यसूचीत आहेत. सायकल हा राज्याचा विषय आहे! २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३८(१अ) आले. पादचारी आणि यंत्राविना चालणारी वाहने यांच्यासाठी राज्य सरकार त्याखाली नियम करू शकते. कलम २१०ड खाली राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांच्या आखणीचे, बांधणीचे आणि देखभालीचे निकष राज्य ठरवू शकते. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजसीकरन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्व राज्यांना या दोन्ही कलमांखाली सहा महिन्यांत नियम करण्याचे आदेश दिले. एका डॉक्टरने, कुठलीही निवडणूक न लढवता, हे दार उघडून दिले आहे. नाशिकच्या गटाने या घडीला सगळी ताकद इथे लावावी. ओलांडण्याचे अंतर, दरवाजा उघडण्याचा नियम, साइडपट्टी डांबरी करण्याचा निकष हे सगळे राज्याच्या नियमांत लिहून घेता येण्यासारखे आहे. त्यासाठी आधी आमदार व्हायची गरज नाही. परिवहन विभागाकडे लेखी मसुदा द्या, आणि आपल्या भागातल्या वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांकडून त्यावर लक्षवेधी किंवा तारांकित प्रश्न लावून घ्या.

ग्रेग्ज लॉसारखी तरतूद तर आपल्याकडे आधीपासून आहे. कलम २०७ प्रमाणे विनालायसन्स चालवली जाणारी गाडी पोलीस किंवा आरटीओचा अधिकारी ताब्यात घेऊ शकतो, आणि अपात्र ठरवलेल्या चालकाने गाडी चालवली तर कलम १८२ खाली १०,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मग अडते कुठे? नाक्यावरच्या हवालदाराच्या हातातल्या ई-चलान यंत्रावर लायसन्सचे निलंबन लगेच दिसते का, जिल्ह्यात वर्षभरात किती लायसन्स निलंबित झाली, त्यांतले किती जण पुन्हा गाडी चालवताना पकडले गेले, गाडी उचलून ठेवायला यार्डात जागा आहे का. हे प्रश्न माहिती अधिकारात विचारा. उत्तरे आली की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवा. सायकलस्वारांच्या मृत्यूंचा जिल्ह्यापुरता पाच वर्षांचा आढावा, प्रत्येक घटनेच्या जागेच्या फोटोसह आणि एफआयआरमधल्या तपशिलासह, गट स्वतःही तयार करू शकतो. हे काम किचकट आहे आणि मनाला त्रास देणारे आहे. पण तो कागद हातात असलेल्या माणसाला कोणतेही खाते सहज टाळू शकत नाही.

आणि हे सगळे करून ताईंना उभे राहावेसे वाटले, तर अवश्य राहावे. विधानसभेत अशा अनुभवाची माणसे हवीतच. फक्त तिकीट देणाऱ्या पक्षाकडून दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात: सायकल आणि पादचाऱ्यांचे नियम पक्षाच्या जाहीरनाम्यात लेखी येतील, आणि निवडून आल्यावर परिवहन किंवा सार्वजनिक बांधकामाशी संबंधित समितीवर त्यांचे नाव सुचवले जाईल. अपक्ष लढण्याचा सल्ला मी देणार नाही. एकट्या आमदाराला विधेयक पुढे रेटता येत नाही, हे ओंटारियोत डिनोव्हो आणि मिलर या दोन चांगल्या, चिकाटीच्या आमदारांच्या वाट्यालाही आले. त्यांची कलमे सरकारी विधेयकात शिरली तेव्हाच कायदा झाली. मतदारांपुढे जाताना मात्र पाणी, दवाखाना, एसटी यांवरही ताईंचा अभ्यास असला पाहिजे. मतदारसंघ फक्त सायकलवाल्यांचा नसतो, आणि "एकाच विषयाच्या बाई" असा शिक्का पहिल्या सभेतच बसतो.

गटाने नियमांचा मसुदा करायला घेतला तर कळवा. ओंटारियोच्या कायद्यातल्या कलम १४८ चा, म्हणजे ओलांडण्याच्या नियमाचा, पूर्ण मजकूर मराठीत करून मी पाठवते. मसुद्यात मधली रेषा ओलांडण्याच्या मुभेचा भाग वगळू नका. आपल्या अरुंद जिल्हा मार्गांवर त्याची गरज तिथल्यापेक्षाही जास्त आहे.